झेंडा निजवायची वेळ

इमारतीचा फोटो काढणं हे निम्मं झाडलोटीचं काम आहे. कॅमेरा शेवटच्या पंधरा मिनिटांपुरता लागतो. त्याआधी पोर्चमधल्या गाड्या हलवाव्या लागतात, खिडक्यांत वाळत घातलेले टॉवेल काढायला लावावे लागतात, गेलेले दिवे बदलून घ्यावे लागतात, कुत्री हाकलावी लागतात. हे सगळं मी वहीत लिहिते आणि होईल तसं खोडते. बुटीबोरीचे कारखाने, वाडीची गोदामं, वर्धा रोडवरच्या फ्लॅट स्कीम, दवाखाने, लग्नाची लॉन, सगळं मी गेली वीसेक वर्षं असंच काढत आले. माझ्या फोटोत कुत्रं सापडणार नाही.

त्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या त्या जुन्या दगडी सरकारी इमारतीचं काम आलं तेव्हा मला ते अवघड वाटलं नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नुकतंच आटोपलं होतं, म्हणजे रंग ताजा होता आणि बाहेरचे दिवे बहुतेक चालू होते. तिथल्या साहेबांना आतल्या व्हरांड्यात लावायला आठ फुटी फोटो हवा होता.

"संध्याकाळचा पाहिजे मॅडम," ते म्हणाले. "दिवे लागलेले, मागे निळं आकाश आणि वर झेंडा. झेंड्याशिवाय ही इमारत धर्मशाळा वाटते."

मी लिहून घेतलं. फोटो पसंत पडला तर बारा सरकारी इमारतींचं कॅलेंडरही मलाच, असं ते म्हणाले. तेही लिहून घेतलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते हसायला लागले. बाबा त्याच इमारतीत एकतीस वर्षं चपराशी होते.

"झेंडा अन् दिवे एकाच टायमाले? कोण म्हणे हे?"

"साहेब."

"त्याले म्हणा, एक दिवस सहा वाजेपर्यंत ऑफिसात थांबून पाह्य. सूर्य बुडाला का झेंडा निजते. झेंडा निजला का दिवे लागते. दोघायची भेट होत नाही वं."

झेंडा उतरवला, असं बाबा कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, निजवला. एकतीस वर्षं सकाळी तो उठवायचा आणि सूर्यास्ताला निजवायचा, हे त्यांच्या कामातलं एकच काम होतं ज्याच्याबद्दल ते घरी बोलायचे. बाकी चहा, फायली आणि घंटी. आमचे आजोबा उमरेडला मागावर बसत. बाबा मागावर बसले नाहीत, पण कापड कसं धरायचं ते त्यांच्या हातात उतरलं होतं. गच्चीवर चपला काढून उभं राहायचं, दोरी हळूहळू सोडायची, जमिनीला टोक लागू द्यायचं नाही, मग घडी. ती घडी दोन्ही तळहातांवर घेऊन ते जिना उतरायचे. जिन्यात कोणी साहेब आडवा आला तर साहेबानं बाजूला व्हायचं. दिवसातून तेवढी दोन मिनिटं साहेब बाजूला व्हायचे.

बाबांचं म्हणणं बरोबरच होतं. जानेवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मला हवं असलेलं निळं आकाश त्यानंतर वीस-बावीस मिनिटांनी येतं आणि चार-पाच मिनिटं टिकतं. आधी दिवे लावले तर ते उजेडात मेल्यासारखे दिसतात. दोन फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडता आले असते, एक झेंड्याचा, एक दिव्यांचा. ते मला येतं. पण जोडलेला फोटो मी देत नाही. हा माझा नियम होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

बाबांच्या जागी जो माणूस लागला होता तो मला ओळखत होता. पंचेचाळिशीचा, कन्हानहून रोज येणारा, कंत्राटी. झेंड्याचं काम बाबांनीच त्याला शिकवलं होतं आणि शिकवताना छळलंही होतं. घडी चुकली म्हणून एकदा मे महिन्यात अर्धा तास गच्चीवर अनवाणी उभं ठेवलं होतं, हे बाबा स्वतः रंगवून सांगायचे. तरी दर दिवाळीला तो घरी यायचा, बाबांच्या पाया पडायचा आणि खाली बसून चिवडा खायचा. त्या हिवाळ्यात त्याचं नाव कायम करायच्या कंत्राटींच्या यादीत आलं होतं. वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची संधी होती. त्याची फाइल कोणत्या टेबलावर आहे हे लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसं बाबा फोन करून विचारायचे. आता ती साहेबांच्या टेबलावर पोचली होती, सहीसाठी.

"तुम्ही त्याला सांगा ना," मी बाबांना म्हटलं. "फक्त वीस मिनिटं झेंडा राहू दे म्हणावं. तुमचं ऐकेल तो."

"नाही वं."

"काय होतं वीस मिनिटांनी?"

"त्याच्या फाइलीवर सही व्हाची हाये. या महिन्यात त्याच्या अंगावर माशी नाही बसली पाह्यजे. अन् माझ्या तोंडून हे निघनार नाही. सही झाल्यावर ये म्हणा फोटोवालीले." फोटोवाली म्हणजे मी. ते समोरच बसले होते.

सही केव्हा होईल ते कोणालाच माहीत नव्हतं. फोटोची तारीख ठरलेली होती. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन इमारतीत गेले आणि त्याला पोर्चमध्ये गाठलं.

"झेंडा?" तो म्हणाला. "सूर्य बुडाल्यावर? ताई, माह्याच्यानं नाही होनार."

"साहेबांनाच हवा आहे."

"साहेबानं लिहून देल्लं का?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "काकाजी काय म्हणते?"

काकाजी म्हणजे बाबा. या प्रश्नाचं उत्तर मी घरून तयार करून आणलं होतं.

"त्यांनीच सांगितलं. म्हणाले, माझं नाव सांग, तो करेल."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "काकाजीनं सांगतलं? मंग झालं. ज्या मानसानं मले एका घडीसाठी उन्हात भाजलं, त्यानंच सूट देल्ली. म्हातारा नरम पडला म्हणायचा." आणि तो इतका खूश होऊन हसला की मी वही उघडून पुढच्या कामाचं विचारलं.

पुढचं काम घड्याळाचं होतं. इमारतीच्या कपाळावर एक मोठं घड्याळ आहे, ध्वजदंडाच्या बरोबर खाली. ते कित्येक वर्षं अडीचवर थांबलेलं होतं. निळ्या आकाशाखाली अडीच वाजलेले मला चालणार नव्हते. मी बर्डीवरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीला शोधून काढलं, शिडी मिळवली, परवानगी मिळवली. दोन दिवसांत घड्याळ चालू झालं. सगळ्या ऑफिसनं खाली येऊन पाहिलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कायले? ते अडीच म्हणते, लोक समजून घेते."

फोटोच्या दिवशी मी साडेचारलाच हिरवळीवर कॅमेऱ्याची तिपाई लावली. गाड्या हलल्या. टॉवेल निघाले. दुसऱ्या मजल्यावरची एक ट्यूबलाइट मिचकावत होती, ती बदलून घेतली. कुत्री फाटकाबाहेर. झेंड्यासाठी तो गच्चीवर गेला तेव्हा मी त्याला फोन लावून ठेवला. पावणेसहा झाले, सूर्य गेला. तो सवयीनं उठून दोरीशी उभा राहिला.

"डोकं दिसतंय," मी म्हटलं. "कठड्यामागे बसा."

तो उकिडवा बसला. दिवे लागले. आकाश अजून पांढरट होतं.

"ताई, होऊन राहिलं का?"

"नाही. हलू नका."

"पाय आखडला ना."

"झेंड्याला वारा लागू दे जरा. लोळतोय."

"वारा मी आनू का आता?" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "ताई, कसंतरी वाटून राहिलं. लहान पोराले जागं ठेवल्यावानी."

आकाश निळं होत होतं. मग एकदम सगळं जुळलं. दगड मधासारखा दिसायला लागला, खिडक्या पिवळ्या, आकाश नव्या शाईसारखं, आणि कुठूनसा वारा येऊन झेंडा पूर्ण उघडला. मी नऊ फोटो काढले. त्यातला चौथा मला तिथेच कळला. एवढा चांगला फोटो मी आधी काढला नव्हता आणि नंतरही काढलेला नाही.

"झालं," मी फोनवर म्हटलं. "उतरवा."

फोनमधून कप्पीचा आवाज ऐकू आला. त्याला खाली यायला वेळ लागला, पाय मोकळा होत नव्हता म्हणे. मी तोवर सामान बांधून निघाले होते.

फोटो व्हरांड्यात लागला तेव्हा चहा-समोशांचा छोटा कार्यक्रम झाला. एक निवृत्त अधिकारी पाहुणे होते. सगळे वा वा करत असताना ते चष्मा वर करून फोटोच्या अगदी जवळ गेले.

"घड्याळ चालू केलंत? छान. सहा वाजून सात मिनिटं." मग मागे वळून म्हणाले, "जानेवारीत सूर्यास्त कितीला होतो हो? आमच्या वेळी झेंडा लवकर झोपायचा. आता ओव्हरटाइम करतो वाटतं."

सगळे हसले. साहेबही हसले, पण अर्धंच. माझ्या हातात समोसा होता. अडीच वाजलेले असते तर कोणी काही म्हणालं नसतं.

आठवड्यानं साहेबांनी कॅलेंडरच्या नमुन्यांसाठी बोलावलं. मी आत बसले होते, कामाचा आदेश टंकलेला टेबलावर होता, सही व्हायची होती. शेजारी त्याची कायम होण्याची फाइल होती, नाव वरच दिसत होतं. साहेबांनी घंटी वाजवली आणि त्याला आत बोलावलं.

"सूर्यास्तानंतर झेंडा का ठेवलास?"

"फोटोसाठी, साहेब."

"कोणी सांगितलं? मी म्हणालो का? मी झेंडा म्हणालो. सूर्यास्तानंतर म्हणालो का?"

"काकाजीनं सांगतलं, साहेब. त्यायचं नाव... त्यायनंच सांगतलं म्हणून..."

साहेबांनी तिथल्या तिथे बाबांना फोन लावला आणि यायला सांगितलं. माझ्यासमोर. पाऊण तासानं बाबा ऑटोनं आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. निवृत्तीनंतर त्या खोलीत ते पहिल्यांदा येत होते. साहेबांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"हा म्हणतो, तुम्ही याला सांगितलं झेंडा ठेवायला."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "मी नाही सांगतलं."

"एकतीस वर्षांत तुमच्याकडून कधी उशीर झाला?"

"एक दिवस नाही."

तो बाबांकडे बघतच राहिला. त्याला काही समजेना. मग समजलं, आणि तो माझ्याकडे वळला.

"ताई," तो म्हणाला. "तुमी तर..."

"मी फोटो काढला," मी म्हटलं. "झेंड्याचं माझ्याकडे काही नव्हतं."

हे वाक्य मी विचार करून बोलले नाही असं लिहावंसं वाटतं. पण ते खरं नाही. बाबा ऑटोत होते तो सगळा पाऊण तास माझ्याजवळ होता, आणि मी तो पूर्ण वापरला होता.

"नियम मोडला तो मोडला, वर म्हाताऱ्या माणसाचं खोटं नाव घेतो," साहेब म्हणाले. "असा माणूस कायम करू?" त्यांनी फाइल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. मग मोकळ्या झालेल्या जागेत माझा आदेश ओढला आणि त्यावर सही केली.

परत जाताना ऑटोत बाबा बाहेर पाहत होते. झिरो माइल गेलं, बर्डी गेली. मी शेवटी म्हटलं, "तुम्ही म्हणायचं होतं, 'हो, मीच सांगितलं त्याला.'"

"मले विचारलं तेवढं सांगतलं."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," बाबा म्हणाले.

त्या रस्त्यात आणखी एकच वाक्य ते बोलले, ते ऑटोवाल्याशी. "बापू, सिग्नल लाल हाये नं गा."

मार्चमध्ये साहेबांचा फोन आला. व्हरांड्यातल्या फोटोवरून लोक बोलतात, वर तक्रार गेली तर पंचाईत, तेव्हा झेंडा काढून टाकून नवा फोटो छापून द्या. "तुमच्या कॉम्प्युटरवर होतं ना ते?"

होतं. जोडलेला फोटो न देणारी मी, दोन मिनिटांत झेंडा पुसला. मग दोरी. दोरी पुसण्यासाठी कठड्याचा भाग मोठा करून पाहिला, तेव्हा तिथे चार बोटं दिसली. कठड्याच्या मागून वर आलेली, दोरी धरून बसलेली. फोटो पुरता तपासून छापायचा हा माझा शिरस्ता, आणि ती मला दिसली नव्हती. आठ फुटी फोटोतही कोणाला दिसली नव्हती. मी ती बोटं बराच वेळ पडद्यावर ठेवली. मग दगडाचा एक तुकडा शेजारून उचलून त्यांच्यावर बसवला. बोटांना झेंड्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण दगडाचा सांधा जुळत नव्हता.

महिनाअखेरीला त्याचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. मी दार उघडलं. तो दिवाळीला बसायचा तिथे बसला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. खिशातून त्यानं शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली काढली. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती त्याला दिली होती, ध्वजदंडाच्या कप्पीत घालायला.

"काकाजी, कप्पी वाजून राहिली होती. काल घातलं तेल. आता हे तुमचं तुमच्याजवळ."

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "चहा घे," ते म्हणाले.

"नाही जी. वाडीले जाचं हाये. गोदामात चौकीदारी लागली, बारा घंट्याची."

"कन्हानहून वाडीले?"

"मंग? कायम थोडीच हावो, क्वार्टर भेटाले." तो हसला. तेच हसू, पोर्चमधलं. "काकाजी, तुमी खोटं नाही बोलले, ते बराबर केलं. पण मी बी खोटा नोहतो जी. तेवढं म्हनाचं होतं साहेबाले. 'हा खोटा नाही' म्हनाचं होतं. बाकी काही नाही म्हटलं तरी चाललं असतं."

बाबांनी बाटली हातात फिरवली.

जाताना तो मला म्हणाला, "ताई, फोटो पन चांगला आला. घड्याळ अगदी साफ दिसते."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मी साहेबांना पत्र लिहिलं: झेंडा ठेवायला मीच सांगितलं, वडिलांचं नाव मीच खोटं घेतलं, त्या माणसाचा दोष नाही. तीन वाक्यं. ती कॅलेंडरच्या आदेशावर सही व्हायच्या आधी लिहिता आली असती. पत्र स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. पंधरा दिवसांनी विचारायला गेले तर टेबलावरच्या बाईंनी रजिस्टर पाहून सांगितलं, पत्र नस्तीबद्ध झालं आहे. म्हणजे फाइलीत लावलं आणि फाइल बंद केली. साहेब म्हणाले, "मॅडम, आता कशाला? ती यादी वर गेली, त्यात त्याचं नाव नाही. तुम्ही कॅलेंडरचं बघा."

मी कॅलेंडरचं बघितलं. बाराही इमारती वेळेत काढल्या. वाडीच्या रस्त्यावरून त्या वर्षी मी अनेकदा गेले, एकदाही थांबले नाही. कोणत्या गोदामात आहे ते मला माहीत होतं. त्या गोदामाचे फोटो मीच काढलेले आहेत.

डिसेंबरात कॅलेंडर छापून आलं तेव्हा बाबांनी एक प्रत मागून घेतली आणि स्वतः खिळा ठोकून स्वयंपाकघरात लावली, माझ्या जेवायच्या जागेच्या बरोबर समोर. ती इमारत जानेवारीच्या पानावर आहे. निळं आकाश, पिवळ्या खिडक्या, सहा वाजून सात मिनिटं, रिकामा ध्वजदंड. फेब्रुवारी लागला. मी पान उलटायला हात लावला.

"राहू दे," बाबा मागून म्हणाले.

"बाबा, महिना संपला."

"संपू दे. मी एकतीस वर्षं निजवला, त्यानं सात. तू एकदाच निजवला, अन् असा का आता उठतच नाही. राहू दे ते पान."

आता जून आहे. गॅसची तारीख, दुधाचे खाडे, बाबांच्या गोळ्या हे सगळं मी दुसऱ्या कॅलेंडरवर लिहिते, ते हॉलमध्ये आहे. जेवताना समोर जानेवारी असतो. तेलाची बाटली त्याच खिळ्याला दोऱ्यानं बांधून लटकवलेली आहे. संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला बाबा घड्याळाकडे बघतात आणि मला विचारतात, "दिवा लावू का आता? तुले विचारून लावलेला बरा."